मळी आणि मासे यांच्या मधलं

२०२२ च्या जुलैत माझ्या पहिल्या तुकडीचा निकाल लागला, तेव्हा मी कुकर लावत होते. फोनवर यादी उघडली. अमेरिकेतल्या हायस्कुलातली मुलं एपी नावाची कॉलेजच्या पातळीची परीक्षा देतात. तिच्यात १ ते ५ अशी श्रेणी मिळते आणि ३ म्हणजे पास, असं सगळे धरून चालतात. माझ्या २४ मुलांपैकी ९ जणांना ३ किंवा त्याच्या वर होते. गॅस बंद करून मी खुर्चीत बसले. जिची वही मी वर्षभर इतरांना दाखवत आले होते, त्या मुलीला २ होते.

मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कुलात शिकवते. माहेर कुरुंदवाडचं, पंचगंगेच्या काठचं. एम.एस्सी. पुण्यात, पर्यावरणशास्त्रातच. लग्नानंतर इकडे आले, काही वर्षं कामाचा परवाना नसल्यामुळे घरात गेली. मग पदव्यांचं मूल्यांकन, ‘आल्टरनेट रूट’नं शिक्षकाचं प्रमाणपत्र, आणि बरीच वर्षं नववी-दहावीला जीवशास्त्र. २०२१ मध्ये एपी एन्व्हायर्न्मेंटल सायन्स शिकवणारे आमचे ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले आणि मुख्याध्यापकांनी विचारलं, ‘घ्याल का?’ त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. माझाच विषय होता तो.

एपी म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’. हायस्कुलात असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची. चांगली श्रेणी मिळाली तर अनेक कॉलेजांत त्या विषयाचं क्रेडिट मिळतं, म्हणजे पुढे तेवढी फी वाचते. पर्यावरणाची ही परीक्षा १९९८ पासून आहे. अभ्यासक्रमाचे घटक नऊ. परिसंस्थेपासून सुरुवात होते, मग जैवविविधता, लोकसंख्या, माती-पाणी, शेती, ऊर्जा, हवेचं प्रदूषण, पाण्याचं आणि जमिनीचं प्रदूषण, आणि शेवटी जागतिक बदल. पेपर दोन तास चाळीस मिनिटांचा. आधी ९० मिनिटांत ८० बहुपर्यायी प्रश्न, मग ७० मिनिटांत लिहायचे तीन मोठे प्रश्न, प्रत्येकी १० गुणांचे. शिक्षकाला आपली वर्षाची आखणी बोर्डाकडे पाठवून ‘कोर्स ऑडिट’मधून मंजूर करून घ्यावी लागते, आणि किमान पाव वेळ प्रयोगांना व बाहेरच्या कामाला द्यावा अशी अपेक्षा असते.

या विषयाला मुलं ‘सोपा एपी’ म्हणतात. भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राला घाबरलेली, आयुष्यात पहिल्यांदाच एपी घेऊन बघणारी मुलं इथे येतात. काउन्सेलरही त्यांना इकडेच पाठवतात. आणि मी शिकवायला घेतला त्या सुमारास देशभरात या परीक्षेला बसलेल्यांपैकी जेमतेम निम्म्या मुलांना ३ किंवा त्याच्या वर मिळत होते. सोपा म्हणून घ्यायचा आणि मेमध्ये हात पोळून घ्यायचे, हे चक्र मला नंतर कळलं. ज्यांना आधीच ‘आपल्याला जमत नाही’ असं वाटतं, त्याच मुलांच्या वाट्याला हे येतं, म्हणून मला त्याचा जास्त त्रास होतो.

माझं पहिलं वर्ष सुरू झालं ते आयडा वादळानं. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री पाऊस कोसळला, रॅरिटन नदी आणि तिच्या उपनद्या फुगल्या, मॅनव्हिल आणि बाउंड ब्रुक पाण्याखाली गेले. राज्यात ३० माणसं गेली. शाळा उघडली तेव्हा माझ्या वर्गातल्या दोन मुलांची घरं तळघरापासून वरपर्यंत ओली होती आणि ती नातेवाइकांकडे राहत होती. पर्यावरणाच्या शिक्षिकेपुढे यापेक्षा मोठा धडा कुठला असणार? पण मी तो घेतला नाही. मुलांना सहानुभूती दाखवली, मग स्लाइड्स उघडल्या आणि पहिल्या घटकाची पहिली व्याख्या सांगितली. आखणीत पूर पाचव्या घटकात होता. त्याची वेळ डिसेंबरात येणार होती.

वर्षभर मी तशीच धावत राहिले. नऊ घटक, शेकडो संज्ञा, दर शुक्रवारी चाचणी. मुलांना युट्रोफिकेशनची, म्हणजे खतासारख्या पोषक द्रव्यांनी पाण्यात शेवाळ माजण्याची, व्याख्या झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येत होती. मी खूश होते.

निकालानंतर मूळ उत्तरपत्रिका शिक्षकाच्या हातात परत येत नाहीत. पण एप्रिलमध्ये घेतलेल्या सराव परीक्षेचा गठ्ठा माझ्या कपाटात होता आणि बोर्डाचे गुणदानाचे निकष सगळ्यांना बघायला मिळतात. तो गठ्ठा मी जुलैत पुन्हा तपासला, या वेळी निकषाला धरून. एप्रिलमध्ये मी मनानं गुण दिले होते. ‘याला म्हणायचं आहे ते मला कळतंय’ असं स्वतःला सांगत अर्धा-अर्धा गुण वाढवला होता. निकष तसं करू देत नाहीत. प्रश्नातल्या क्रियापदाला तिथे किंमत असते. ‘ओळखा’ म्हटलं तर एक शब्द पुरतो. ‘वर्णन करा’ म्हटलं तर गुणधर्म सांगायचा. ‘स्पष्ट करा’ म्हटलं तर कशामुळे आणि कसं, हे लिहिलंच पाहिजे. प्रश्न होता: शेतात टाकलेल्या खतामुळे खालच्या तळ्यातले मासे कसे मरतात ते स्पष्ट करा. त्या वहीवाल्या मुलीचं उत्तर होतं, ‘खत पाण्यात मिसळल्यामुळे पाणी प्रदूषित होतं आणि त्यामुळे मासे मरतात.’

शून्य.

ते वाक्य वाचताना मला कुरुंदवाडचा घाट दिसला. आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला, नदीचं पाणी आटलं की, एखाद्या सकाळी काठाला मेलेल्या माशांचा पांढरा थर लागायचा. लोक नाकाला पदर लावून बघायला जायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा ठरलेला: मळीमिश्रित पाण्यामुळे मासे मृत्युमुखी. घरात, शाळेत, पारावर सगळे हेच वाक्य म्हणत. मळी सोडली, मासे मेले. लहानपणी मला वाटायचं, मळी म्हणजे विषच असणार. मळी ही उसाच्या रसातली साखर काढून उरलेली गोड, चिकट वस्तू आहे, गुरांच्या खाद्यातही ती घालतात, हे पुढे कळलं तेव्हा गोंधळले होते. गोड वस्तूनं मासे कसे मरतील? एम.एस्सी.ला जाईपर्यंत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही कुणाला विचारला नाही.

मळी माशाला थेट मारत नाही. गोड, सेंद्रिय पाणी नदीत आलं की त्यावर जिवाणू तुटून पडतात. खातात, वाढतात, आणि ते पचवताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. उन्हाळ्यात पाणी थोडं असतं, संथ असतं, गरम असतं, आणि गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. १० अंशाला लिटरमध्ये ११ मिलिग्रॅमच्या वर मावतो, २५ अंशाला जेमतेम सव्वाआठ. तो भराभर संपतो आणि मासे गुदमरतात. खताच्या बाबतीत आणखी एक पायरी आधी येते. नत्र आणि स्फुरदानं शेवाळ माजतं, त्याच्या सावलीत खालच्या वनस्पती मरतात, मग शेवाळही मरतं, आणि तेव्हा जिवाणूंची पंगत बसते. त्या मुलीनं पहिली आणि शेवटची गोष्ट बरोबर लिहिली होती. मधलं सगळं गेलं होतं. आणि ते माझ्यामुळे गेलं होतं, कारण मी तिला व्याख्या दिली होती, मधलं काही तिच्याकडून वदवून घेतलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात मी वर्गात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली. कागदाच्या पट्ट्या आणि कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवले. डाव्या टोकाला एक पट्टी, ‘शेतात खत टाकलं’. उजव्या टोकाला दुसरी, ‘मासे मेले’. मधे तुम्ही भरा. नियम एकच. शेजारशेजारच्या कुठल्याही दोन पट्ट्यांमध्ये बोट ठेवून कुणी ‘म्हणजे नेमकं कसं?’ असं विचारलं आणि उत्तर देता आलं, तर तिथे आणखी एक पट्टी लागली पाहिजे. पहिल्या दिवशी चार पट्ट्यांवर सगळे थांबले. तिसऱ्या दिवशी अकरा झाल्या. मागच्या बाकावरच्या, वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलानं ‘पाऊस पडला’ ही पट्टी लावली. पाऊसच पडला नाही तर खत तळ्यात जाईल कसं? सगळ्या वर्गाचं राहून गेलं होतं ते.

फळ्याच्या कोपऱ्यात मी काही वाक्यं लाल चौकटीत लिहून टाकली, जी उत्तरात लिहायची नाहीत: ‘प्रदूषण होतं.’ ‘पर्यावरणावर परिणाम होतो.’ ‘परिसंस्थेची हानी होते.’ ही वाक्यं खोटी नाहीत, पण ती आली की मूल विचार थांबवतं. उपाय सुचवायच्या प्रश्नात तर आणखी एक वाक्य हमखास येतं. लोकांमध्ये जागृती केली पाहिजे. आपल्याकडे पर्यावरणाच्या प्रकल्पवहीत शेवटचं पान जनजागृतीचंच असतं. मीही तसंच लिहिलेलं आहे आणि मला त्याला पूर्ण गुण मिळालेले आहेत. इथे निकषात त्याला गुण नाही. जागृत झालेला माणूस उद्या सकाळी नेमकं काय करणार आहे, ते लिहावं लागतं. मी मुलांना आमच्याच राज्याचा कायदा दाखवला. न्यू जर्सीत १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकाला हिरवळीला खत घालता येत नाही. का? थंडीत मुळं खत घेत नाहीत, मग ते सगळं वाहून ओढ्यात जातं. कायदा करणाऱ्यांनी सुतळीवरच्या एका पट्टीवर बोट ठेवलं होतं.

बाहेरचं काम मी त्या वर्षापासून वाढवलं. ऑक्टोबरात शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर रॅरिटनला मिळणारा एक ओढा आहे, तिथे जातो. गमबूट, चौकटीची जाळी, पांढरे ट्रे. एकानं प्रवाहाच्या वरच्या अंगाला पायानं गोटे ढवळायचे, दुसऱ्यानं खाली जाळी धरायची. मग ट्रेमध्ये काय आलं ते मोजायचं. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या ऑक्सिजन कमी झाला की टिकत नाहीत. जळवा, गांडुळासारखे किडे आणि चिलटांच्या लाल अळ्या कशातही तग धरतात. पाण्याचा नमुना घेऊन विंकलरच्या पद्धतीनं विरघळलेला ऑक्सिजन मोजतो. बाटलीत हवेचा बुडबुडा न राहू देता पाणी भरायचं, रसायनं घालायची, आणि मग थेंब-थेंब टाकत रंग कधी जातो ते बघायचं. यंदा गेलो त्या दिवशी ओढ्यात ९ मिलिग्रॅम आला. दुपारी मी मुलांना मॉलच्या मागच्या पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यावर नेलं. हिरवंगार पाणी, बदकं, कडेला कापलेल्या गवताचा ढीग. तिथे ४ आला. मुलांनी पुन्हा मोजला. पुन्हा ४. ‘मिस, हे तर शेवाळानं भरलंय. शेवाळ ऑक्सिजन सोडतं ना?’ एका मुलीनं विचारलं. तिला उत्तर द्यायचा मोह मी आवरला. दुसऱ्या दिवशी तिनं आणि तिच्या गटानं सुतळीवर ‘खालचं मेलेलं शेवाळ कुजायला लागलं’ आणि ‘वरच्या थरात बनलेला ऑक्सिजन खाली पोचत नाही’ अशा पट्ट्या लावल्या.

ही मुलगी मराठी घरातली. शनिवारच्या मराठी शाळेत आणि गणपतीत मी तिची काकू असते, वर्गात मिस. ओढ्यावर चिखलात पाय घसरला तेव्हा मात्र ‘काकू!’ असंच ओरडली.

सगळेच प्रयोग सरळ जातात असं नाही. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते ओढ्यांत जातं. त्यावरून मुळ्याच्या बिया वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिठाच्या पाण्यात रुजत घालायच्या आणि कुठल्या तीव्रतेला निम्म्या बिया रुजत नाहीत ते काढायचं, असा प्रयोग करतो. एका वर्षी शुक्रवारी सगळ्या पिशव्या खिडकीत मांडून घरी गेलो. सोमवारी पाहतो तर साध्या पाण्यातल्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या बियांपैकी एकही रुजली नव्हती, आणि मिठातल्या रुजल्या होत्या. ती पिशवी नेमकी हीटरच्या झडपेवर होती. बिया शिजल्या होत्या. दोन मुलांनी हळूच सुचवलं, ‘आपण लिहू या की दहापैकी नऊ रुजल्या.’ मी तो तास तिथेच थांबवला. मिठाचा धडा बाजूला राहिला आणि तुलनेचा गट कशासाठी असतो, तो नसला तर उरलेल्या आकड्यांचं काय करायचं, यावर चाळीस मिनिटं वाद झाला. परीक्षेतला पहिला मोठा प्रश्न प्रयोगाच्या रचनेवरच असतो. त्या वर्षी त्या प्रश्नात माझी मुलं सर्वांत चांगली लिहून आली.

एक चूक अशी झाली की ती अजून बोचते. ऊर्जेच्या घटकात घरच्या विजेचं बिल आणून हिशेब करायचा गृहपाठ मी दिला होता. गणित साधं आहे: ६० वॅटचा जुना दिवा काढून ९ वॅटचा लावला, रोज पाच तास, तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात. मग कुणाचं घर किती खातं ते फळ्यावर लिहिलं. एका मुलाचा आकडा सर्वांत मोठा निघाला. मुलं ‘अरे बापरे’ म्हणाली. तो भाड्याच्या छोट्या घरात राहतो, खिडक्यांतून वारा येतो आणि थंडीला विजेचे हीटर हा एकच आधार आहे. खिडक्या बदलणं त्याच्या आईच्या हातात नाही. मोठ्या बंगल्यांतल्या, छतावर सौर पॅनेल असलेल्या मुलांचे आकडे लहान होते, आणि फळ्यावर ती शहाणी दिसत होती. मी त्याला तासानंतर थांबवून माफी मागितली. ‘इट्स ओके, मिस’ म्हणून तो गेला, पण दोन आठवडे माझ्याकडे बघून बोलला नाही. आता आम्ही शाळेतल्याच वस्तूंना मीटर लावतो. कोल्ड्रिंकचं यंत्र, प्रयोगशाळेतला फ्रिज, मुख्याध्यापकांच्या खोलीतला हीटर. आणि विजेचं बिल कोण भरतं, खिडकी कोण बदलू शकतं, हेही सुतळीवर येतं.

लोकसंख्येच्या घटकात चर्चच्या जुन्या दफनभूमीत नेते. प्रत्येकानं तीस दगडांवरची जन्म-मृत्यूची वर्षं लिहून आणायची, १९०० च्या आधीची पंधरा आणि १९५० च्या नंतरची पंधरा, आणि कोणत्या वयापर्यंत किती जण जगले त्याचा आलेख काढायचा. जुन्या दगडांत लहान दगड फार असतात. मुलं आत जाताना हसत-खिदळत गेली होती. बाहेर आली तेव्हा एका मुलीच्या वहीत एकाच आडनावाची तीन नावं होती, वयं ६, ४ आणि १, सगळी एकाच महिन्यात गेलेली. तिनं विचारलं, ‘कशानं?’ दगडावर लिहिलेलं नव्हतं. लस, नळाचं स्वच्छ पाणी आणि गटारं यांनी तो आलेख कसा बदलला, हे त्या आठवड्यात मला फारसं समजावून सांगावं लागलं नाही.

सामाईक संपत्तीच्या शोकांतिकेचा, म्हणजे सगळ्यांची असलेली गोष्ट प्रत्येकानं ओरबाडून संपवण्याचा, खेळ इथले बहुतेक शिक्षक घेतात. माशाच्या आकाराची खारी बिस्किटं वाडग्यात टाकायची, प्रत्येकानं स्ट्रॉनं ओढून ‘मासे’ पकडायचे, उरले असतील त्याच्या दुप्पट पुढच्या हंगामात घालायचे. दोन हंगामांत वाडगा रिकामा होतो. मग गॅरेट हार्डिनचा १९६८ चा लेख सांगायचा आणि १९९२ मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली ते सांगायचं. पण मला तिथे थांबणं पटत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते लोक आपसांत नियम करून सामाईक गोष्टी राखतात हे दाखवल्याबद्दल. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर अंडी धरलेली शेवंडीची मादी सापळ्यात आली तर तिच्या शेपटाला खाच पाडून सोडून देतात, म्हणजे पुढे कुणीही पकडली तरी ती परत पाण्यात जाते. आणि माझ्याकडे नारळी पौर्णिमा आहे. मी मुलांना सांगते की कोकणातले कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत आलेत आणि श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच दर्यात जातात. आज सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै आहे. खवळलेला समुद्र हे एक कारण, पण अनेक जातींच्या माशांची वीण त्या दिवसांत होते, हेही आहेच. मग वाडग्याचा खेळ पुन्हा घेतो, या वेळी बोलायची मुभा देऊन. यंदाच्या एका गटानं पाच हंगाम काढले.

भोपाळ पुस्तकात चौकटीत येतं. मी ती चौकट मोठी करते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. आण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी पेपर वाचताना बोलायचे थांबले होते, एवढंच मला त्या वयातलं आठवतं. पण मुलांना सांगायची दुसरी गोष्ट आहे. त्या रात्रीनंतर अमेरिकेत घबराट झाली की आपल्या गावातल्या कारखान्यात काय साठवलंय ते आपल्याला तरी कुठे माहीत आहे, आणि १९८६ मध्ये ते जाणून घेण्याचा हक्क देणारा कायदा झाला. आज आमची मुलं फोनवर आपला पिनकोड टाकून, कुठला कारखाना कुठलं रसायन किती सोडतो ते वाचतात. सुपरफंडच्या यादीत, म्हणजे देशातल्या सर्वांत विषारी जागांच्या यादीत, सर्वांत जास्त जागा न्यू जर्सीच्याच आहेत. बहुतेकांना आपल्या घराजवळ एक सापडते. त्यांना तो शोध लावता येतो त्यात भोपाळच्या माणसांचा वाटा आहे, हे मी दरवर्षी सांगते, आणि सांगताना माझा आवाज दरवर्षी बदलतो.

शेवटच्या घटकात, हवामानबदलाच्या वेळी, वर्ग जड होतो. दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, ‘मग काय उपयोग, मिस?’ पूर्वी मी आशेचं काहीतरी बोलायचे. आता गरुडाची गोष्ट सांगते. १९७० च्या दशकाअखेर न्यू जर्सीत पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचं एकच घरटं उरलं होतं, राज्याच्या दक्षिणेला एका दलदलीत. डीडीटी या कीटकनाशकावर १९७२ मध्येच बंदी आली होती, पण मादीच्या अंगात ते साठलेलं होतं. त्यामुळे कवचात कॅल्शियम नीट बसत नव्हतं, कवच पातळ होत होतं, आणि उबवायला बसलेल्या आईच्याच वजनानं अंडं फुटत होतं. ही कडी माहीत होती म्हणून काय करायचं ते सुचलं. १९८२ पासून जीवशास्त्रज्ञांनी त्या घरट्यातलं अंडं काढून तिथे खोटं अंडं ठेवलं, खरं अंडं कृत्रिम उबेवर उबवलं, आणि पिल्लू थोडं मोठं झाल्यावर घरट्यात परत नेऊन ठेवलं. शिवाय कॅनडातून पिल्लं आणून सोडली. आज राज्यात दोनशेच्या वर जोड्या आहेत. ओढ्यावर गेलो की बहुतेक वेळा एखादा दिसतो. ‘पक्षी वाचवा’ म्हणून ते अंडं वाचलं नसतं, असं एका मुलानं म्हटलं. मी त्यात काही भर घातली नाही.

७ जून २०२३ ला दुपारी आमच्याकडे आकाश नारिंगी झालं. क्वेबेकमधल्या वणव्यांचा धूर खाली उतरला होता. न्यूयॉर्क शहरात हवेच्या निर्देशांकाचा आकडा ४०० च्या वर गेला. एपीची परीक्षा महिन्यापूर्वीच होऊन गेली होती, वर्गात आता गुणांसाठी काही करायचं उरलं नव्हतं. दिवे लावावे लागले. दम्याचा पंप बाळगणारा एक मुलगा घरी गेला होता. मी काहीच सांगितलं नाही, तरी दोन मुली उठल्या आणि सुतळीकडे गेल्या. डाव्या टोकाला ‘कॅनडात जंगल पेटलं’, उजव्या टोकाला त्याचं नाव. मग बाकीचे उठले. धुराचा कण अडीच मायक्रॉनहून बारीक, नाकातल्या केसांत न अडकणारा, वारा उत्तरेकडून, फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्या, सूज, पंप. घंटा झाली तरी पट्ट्या लिहिणं चालू होतं. त्या तुकडीतल्या १७ जणांना ३ किंवा त्याच्या वर मिळाले. वर्गात २६ होते. उरलेल्या ९ जणांची नावं मी लिहून ठेवली आहेत, आणि त्यांच्या उत्तरांत कुठली पट्टी गळत होती तेही.

गेल्या वर्षी जुलैत कुरुंदवाडला गेले होते. विंकलरच्या किटमध्ये ॲसिड असतं, विमानात नेता येत नाही, म्हणून कोल्हापुरात प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून नवं घेतलं. आण्णा आणि माझा भाचा, दोघांना घेऊन घाटावर गेले. पाऊस लागून राहिला होता, नदी लाल, गढूळ, वरच्या पायऱ्यांपर्यंत आलेली. बाटली भरली, थेंब मोजले. साडेसहा आला. आण्णा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, ‘आण्णा, आज बरं आहे पाणी. एवढ्या पुरात बरंच असणार. खरं बघायचं तर मार्चात मोजायला पाहिजे.’

‘मग मार्चात ये की,’ ते म्हणाले.

मार्चात माझी शाळा असते. किट तिथेच ठेवलं. भाच्याला पद्धत शिकवली, त्यानं आजोबांना दोनदा करून दाखवली. आण्णा निवृत्त शिक्षक, वही आखणं त्यांना सांगावं लागत नाही. आता दर रविवारी सकाळी फोनवर त्या वहीच्या पानाचा फोटो येतो. तारीख, वेळ, घाटाची कितवी पायरी, पाण्याचं तापमान, थेंब. ऑक्टोबरात साडेसहाचा सहा झाला. डिसेंबरात पाच. फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी त्यांनी तापमानाच्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘वरच्या बंधाऱ्यात पाणी अडवलंय. प्रवाह नाही.’ त्या सोमवारी मी तो फोटो वर्गात दाखवला. मराठी घरातल्या मुलीनं तो मोठ्यानं वाचून इंग्रजीत सांगितला आणि चिमटा शोधायला लागली.